भाऊ दुर्बिणीवर, बहीण पोथ्यांवर. खरं संशोधन कुणाचं?

“माई, नमस्कार. मी वाईची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मला दोन मुलं. थोरला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर पीएच.डी. करतोय. धाकटी मराठीत एम.ए. झाली आणि आता एका जुन्या आख्यानकाव्याच्या चौदा पोथ्या जमवून त्यांचे पाठभेद नोंदवते. दिवसच्या दिवस एकाच ओळीची चौदा रूपं लिहीत बसते. घरी कुणी आलं की मुलाचं कौतुक होतं आणि तिला विचारतात, ‘याचा उपयोग काय गं?’ यंदा गणपतीत तर मुलगाच जेवताना म्हणाला, ‘पण यात तू सिद्ध काय करणार?’ ती काही बोलली नाही, पुढे दोन दिवस कुणाशीच बोलली नाही. खरं सांगते, ती काय करते ते मलाही नीट कळत नाही. तिला अडवावं का? आणि दोघांपैकी खरं संशोधन कुणाचं म्हणायचं? जाता जाता एक: माळ्यावर सासऱ्यांची मोडीतली जाड वही आहे, कसर लागलीय. रद्दीत द्यावी म्हणते. — वाईची एक आई”

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीचं आधी सांगते. वही रद्दीत देऊ नका. का, ते पुढे येईलच.

आता मुलांचं. तुमचा प्रश्न मला जवळचा आहे, कारण माझं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करण्यात गेलं. पुण्यात एका वाड्याच्या पुढच्या खोलीत माझी दोन मशिनं होती, एक इंग्रजी आणि एक मराठी. सकाळी ज्वारीच्या खोडमाशीवरचा प्रबंध, दुपारी महानुभावांच्या गद्यावरचा, संध्याकाळी कुणाचा तरी सिमेंटच्या तड्यांवरचा. चार कार्बन लावून पाच प्रती काढायच्या, पाचवी इतकी पुसट यायची की ती वाचणाऱ्याची दया यावी. गणितवाल्यांसाठी ओळीत जागा सोडून ठेवायची, ते येऊन काळ्या शाईने चिन्हं भरायचे. संस्कृतवाल्यांच्या रोमन अक्षरांवरच्या रेघा आणि खालचे टिंब मी स्वतः पेनने द्यायची. रसायनवाल्यांचे षटकोन ट्रेसिंग पेपरवर वेगळे यायचे. यातलं निम्म्याहून अधिक मला कळत नव्हतं. पण प्रत्येक विषयाचा माणूस कुठे घाबरतो, ते मात्र कळायला लागलं.

शेतीवाला आकड्यांच्या तक्त्यापाशी घाबरायचा. एक आकडा चुकला तर बेरीज बोंबलेल म्हणून रात्री दहाला परत यायचा. इतिहासवाला तळटीपेपाशी थांबायचा, कागदाचा रुमाल क्रमांक, म्हणजे दफ्तरातल्या गठ्ठ्याचा आकडा, बरोबर पडलाय ना हे बोट ठेवून बघायचा. गणितवाला एका ओळीवर पेन टेकवून दहा मिनिटं बसलेला मी पाहिलाय, कारण त्या ओळीवरून पुढच्या ओळीवर जाता येतं की नाही याची त्याला खात्री वाटत नव्हती. म्हणजे प्रत्येकाला कुणीतरी, कशावरून तरी, खोटं पाडू शकत होतं. ताई, माझ्यापुरती संशोधनाची ओळख हीच. जिथे माणूस चुकू शकतो, आणि चुकला तर दुसऱ्याला ते दाखवता येतं, ते संशोधन. त्याचा विषय आकाश आहे की पोथी, यावर ते ठरत नाही.

म्हणून ‘यात तू सिद्ध काय करणार?’ हा तुमच्या मुलाचा प्रश्न मला उद्धट वाटत नाही. विचारण्याजोगाच आहे. त्याला उत्तर मिळालं नाही एवढंच. मी देऊन बघते.

मुलगी करते ते काम माझ्या बोटांना फार चांगलं ठाऊक आहे, कारण ती ज्या चुका शोधते त्या मी रोज करत होते. समोरच्या हस्तलिखितात दोन ओळी ‘त्यामुळे’ने सुरू होत असल्या, की पहिलीवरून उठलेला डोळा परत येताना दुसरीवर बसतो आणि मधल्या तीन ओळी गळतात. अवघड, अनोळखी शब्द आला की बोटं आपोआप सोपा, सवयीचा शब्द ठोकतात. समासात कुणी पेन्सिलीने काही लिहिलेलं असलं, की ते मजकुराचाच भाग समजून आत घुसवलं जातं. पाचशे वर्षांपूर्वी पोथी उतरवणाऱ्याचा डोळा माझ्यासारखाच होता. त्यानेही हेच केलं. मग त्याची पोथी समोर ठेवून दुसऱ्याने उतरवली, तेव्हा पहिल्याच्या चुका तशाच पुढे गेल्या आणि दुसऱ्याच्या नव्या मिसळल्या.

इथेच तुमच्या लेकीचं शास्त्र सुरू होतं. चौदापैकी पाच पोथ्यांत तीच ओळ गळलेली असेल, तर पाच लेखकूंचा डोळा स्वतंत्रपणे त्याच जागी उडाला असण्यापेक्षा त्या पाचही एकाच आजीच्या नाती असण्याची शक्यता जास्त. अशा सामाईक चुकांवरून ती पोथ्यांची वंशावळ मांडते. ती मांडली की मग कळतं की दहा पोथ्या एका बाजूला आणि चार दुसऱ्या बाजूला असल्या, तरी दहाचं पारडं जड असेलच असं नाही, कारण त्या दहा एकाच चुकलेल्या पोथीची लेकरं असू शकतात. पोथ्या मोजून भागत नाही, त्यांचं नातं ओळखावं लागतं. दिवसच्या दिवस एकाच ओळीची चौदा रूपं लिहिण्याचं कारण हे.

जीवशास्त्रातही प्राण्यांची वंशावळ अशीच काढतात, सामाईक बदलांवरून. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्रज्ञांनी आणि इंग्रजीच्या अभ्यासकांनी मिळून एक छोटा लेख लिहिला होता. चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीच्या एका काव्यभागाची ५८ हस्तलिखितं त्यांनी उत्क्रांतीचा वृक्ष मांडणाऱ्या संगणकी पद्धतीतून काढली होती. मुलाला हे सांगा. त्याला ऐकायला आवडेल.

पण ‘सिद्ध काय?’ याचं खरं उत्तर पुण्यातच आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवणारी, १९१९ मध्ये सुरू झाली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. १,२५९ हस्तलिखितं त्यासाठी विचारात घेतली गेली. १९२५ पासून ज्यांनी त्या कामाची धुरा वाहिली ते विष्णु सीताराम सुखटणकर आधी केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला जाऊन संस्कृताकडे वळलेले. आदिपर्व सिद्ध करताना काही ठिकाणी त्यांना असं दिसलं, की एकाही उपलब्ध पोथीतला पाठ मूळचा वाटत नाही. तिथे त्यांनी वंशावळीवरून आणि तर्कावरून ‘इथे मूळ असं असावं’ म्हणून पाठ दिला आणि तशी खूण केली. आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं. त्यानंतर नेपाळहून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी हाती आली, जी संपादन करताना त्यांच्यासमोर नव्हती. सुखटणकरांनी तर्काने केलेल्या काही दुरुस्त्या त्या पोथीत प्रत्यक्ष लिहिलेल्या सापडल्या.

ताई, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. न पाहिलेल्या पोथीत काय असेल हे एका माणसाने टेबलाशी बसून सांगितलं, आणि पोथी आली तेव्हा तसंच निघालं. तुमचा मुलगा याहून वेगळं काय करतो? ‘अमुक दिशेला, अमुक लहरीवर, अमुक दिसायला हवं’ असं गणित मांडून दुर्बीण तिकडे वळवतो. दिसलं तर गणित टिकलं, नाही दिसलं तर परत कागदावर.

फरक आहेत, आणि ते लपवू नयेत. तुमच्या मुलाची निरीक्षणं आज बिघडली, कुणाच्या मोबाइलच्या लहरींनी गोंधळ घातला, तर तो पुन्हा वेळ मागून बघू शकतो. आकाश बहुतेक वेळा तिथेच असतं. लेकीची पोथी कसरीने खाल्ली की गेली. त्याच्यापाशी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि सोबत काम करणारा मोठा गट. ती एकटी, एक भिंग आणि पोथी बाहेर काढून द्यायला नाखूश असलेले चार मठाधिपती. वेगही निराळे. डेक्कन कॉलेजातला संस्कृतचा महाकोश बघा. १९४८ मध्ये काम सुरू झालं, सुमारे दीड हजार ग्रंथांतून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या काढल्या गेल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला आणि काम अजून ‘अ’च्याच घरात आहे. तिथले लोक आळशी नाहीत. कामच त्या मापाचं आहे. खगोलवाल्याच्या घड्याळाने कोशवाल्याचा दिवस मोजला तर दोघांवरही अन्याय होतो.

म्हणून दोघांना एका तागडीत घालू नका. आणि उलट बाजूने, ‘शेवटी दोघंही एकच करता रे’ असं म्हणून त्यांची समजूतही घालू नका. ते एकच करत नाहीत. आजकाल सगळे विषय एकमेकांत मिसळायला हवेत असा धोशा असतो. माझ्या खोलीत वर्षानुवर्षं खोडमाशी आणि महानुभाव एका टेबलावर होते, त्यांचा एकमेकांशी काही संबंध आला नाही, आणि त्यात काही बिघडलंही नाही. विषय आधी आपापल्या जागी खोल जायला हवा. वरवरच्या मिसळणुकीने दोन्हीकडचं पाणी गढूळ होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण कधी कधी दोन खोल विहिरींना एकच झरा लागतो. तुमच्या घरासाठी म्हणूनच घडली असावी अशी एक गोष्ट आहे, ती जरा सविस्तर सांगते.

१०५४ सालच्या जुलैत चीनमधल्या दरबारी ज्योतिषांनी आकाशात एक नवा तारा पाहिला. त्यांच्या भाषेत ‘पाहुणा तारा’. तो इतका तेजस्वी होता की २३ दिवस भर दिवसा दिसत होता, आणि रात्री दिसेनासा व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली. त्यांनी ते लिहून ठेवलं. ती नोंद एका बखरीतून दुसरीत उतरत राहिली. इकडे युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांना वृषभ राशीत एक धूसर ढग माहीत झाला होता. त्याला ते खेकड्याचा तेजोमेघ म्हणजे क्रॅब नेब्युला म्हणतात. तो ढग पसरतोय हे मोजून लक्षात आलं होतं. मग या ढगाचा जन्म कधीचा? १९४२ मध्ये याचं उत्तर पक्कं झालं. त्यात हॉलंडमधल्या लायडनचे यान ऊर्ट आणि अमेरिकेतले निकोलस मेयॉल हे दोन खगोलशास्त्रज्ञ होते, आणि तिसरे होते लायडनचेच डॉयवेंडाक. हे तिसरे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ नव्हते. ते चिनी भाषेचे पंडित होते. जुन्या बखरी वाचून, पारखून, त्यांतल्या नोंदींचा अनुवाद त्यांनी केला, आणि पाहुणा तारा म्हणजेच या ढगाला जन्म देणारा ताऱ्याचा स्फोट हे जुळलं.

१९६८ मध्ये याच ढगाच्या पोटात एक पल्सार सापडला, म्हणजे स्फोटानंतर उरलेला, ठरावीक ठेक्यात लहरी सोडणारा ताऱ्याचा गाभा. सेकंदाला तीसएक गिरक्या घेणारा. आज त्याचं नाव रेडिओ खगोलशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, तुमच्या मुलालाही असणार. बहुतेक पल्सारांचं वय गणितावरून अंदाजाने काढावं लागतं. याचा जन्म मात्र आपल्याला महिन्यासकट दिसला, कारण कुणीतरी लिहून ठेवलं, कुणीतरी उतरवलं आणि कुणीतरी ते वाचायला शिकलं.

आणि यातली खरी गंमत लेकीला सांगा. त्या चिनी नोंदीत म्हटलंय की पाहुणा तारा वृषभाच्या शिंगाच्या टोकावरच्या एका ताऱ्याच्या आग्नेयेला दिसला. तेजोमेघ मात्र त्या ताऱ्याच्या वायव्येला आहे. बरोबर उलट! बघणाऱ्याची चूक, लिहिणाऱ्याची, की उतरवणाऱ्याची? अभ्यासक यावर अनेक वर्षं वाद घालत आलेत. कितीही मोठी दुर्बीण आणली तरी हा प्रश्न तिने सुटणार नाही. तो पाठभेदाचा प्रश्न आहे, ताई. तुमच्या लेकीच्या खात्यातला.

आपल्याकडेही जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी मिळून जुन्या भारतीय ग्रंथांत अशा स्फोटाची नोंद मिळते का, याचा शोध घेतला होता. ठामपणे बोट ठेवावं अशी नोंद हाती लागली नाही. पण खगोलवाला संस्कृतवालीकडे गेला, कारण तिच्याशिवाय त्याला पान वाचता येणार नव्हतं, आणि मिळालं नाही तेव्हा दोघांनी तसं सांगितलं. मला हे सापडण्याइतकंच मोलाचं वाटतं.

नातेवाइकांचं काय करायचं? त्यांच्यापुढे चॉसर आणि चीन काढू नका. वाईत घरोघर ज्ञानेश्वरी आहे. त्यांना विचारा, आपण वाचतो ती ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत नीट कशी आली? ज्ञानेश्वरांनंतर जवळजवळ तीनशे वर्षांत लोकांनी उतरवताना इतके पाठ बदलले, इतक्या ओव्या घुसडल्या, की १५८४ मध्ये एकनाथांना प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. आणि शेवटी त्यांनी बजावलं, की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो. नाथांनी केलं तेच काम माझी लेक एका लहान काव्यासाठी करते, एवढं म्हणा. याहून जास्त खुलासा कुणाला देऊ नका, द्यायची गरज नाही.

‘उपयोग काय’ या प्रश्नाला माझ्याकडे पळवाट नाही. काही संशोधनाचा उपयोग होतो, काहीचा होत नाही, आणि कशाचा होईल ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही. दामोदर कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. तक्षशिलेची जुनी चांदीची नाणी त्यांनी एकेक करून तोलली, कारण हातोहात फिरणारं नाणं झिजत जातं आणि झिजेवरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज बांधता येतो. नाणी तोलणाऱ्या माणसाला कुणीही विचारलं असतं, याचा उपयोग काय? त्याच माणसाने १९४४ मध्ये गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र दिलं. पिकांच्या जनुकांचे नकाशे करताना शास्त्रज्ञ ते आजही कोसंबींच्या नावाने वापरतात. पण लेकीच्या कामातूनही उद्या असंच काही निघेल, असं मी सांगणार नाही. निघो न निघो, एक चांगली कविता मूळच्या शब्दांत वाचायला मिळणं मला पुरेसं वाटतं.

एका गोष्टीची काळजी मात्र करा, आणि ती तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीये. पोटापाण्याची. पोथ्यांच्या अभ्यासाला कायम नोकऱ्या फार कमी आहेत, तुमच्या मुलाच्या क्षेत्राहून कितीतरी कमी. ती नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा, पास झाली आहे का? त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली असेल तर महिना ३७,००० रुपये येतात आणि काही वर्षं निभतं. नसेल तर परीक्षा पुन्हा द्यायला सांगा, प्रबंधाच्या मागे लपू देऊ नका. मोडी चांगली येत असेल तर जमिनीच्या जुन्या कागदांचं लिप्यंतर करून चार पैसे मिळतात. त्या कामात कमीपणा नाही, आणि नजर तयार होते ती वेगळीच. हे बोलणं आईनेच करावं. ‘हे सोड’ असं म्हणू नका. ‘हे करताना जगशील कशी, ते आपण दोघी मिळून कागदावर मांडू’ असं म्हणा.

भावाबहिणीत तुम्ही मध्यस्थी करू नका. दिवाळीत दोघं घरी असतील. रात्री अकराच्या सुमारास गच्चीवर या, पूर्वेकडे कृत्तिका आणि लालसर रोहिणी चांगल्या वर आलेल्या असतील. मुलाला म्हणा, वृषभाचं शिंग दाखव. तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण जागा दाखवता येते. मग आग्नेय-वायव्येचा घोळ लेकीपुढे टाका आणि तुम्ही गप्प बसा.

आता वहीचं. सासऱ्यांची ती वही हिशेबाची असेल, शेताची असेल, कदाचित कुणी उतरवून घेतलेलं काव्यही असेल. मोडी वाचता येत नसेल तर तुम्हाला ते कळणार नाही, आणि रद्दीवाल्यालाही नाही. तुमच्याच घरात मात्र ते कळू शकेल असं माणूस आहे. माळ्यावरून खाली काढा, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका. ऊन देऊ नका, फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. डांबरगोळ्या पानांत ठेवू नका. धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून कोरड्या कपाटात, भिंतीपासून दूर ठेवा. पानं चिकटली असतील तर सोडवायला जाऊ नका, ते तिच्यावर सोपवा. ती आली की तिच्याच हाताने गाठ सोडू द्या, आणि पहिली ओळ तिला मोठ्याने वाचायला सांगा.

तुमची,
माई